असं कळतंय

आमच्या रूबेनकाकांना कधीच काही होत नाही. त्यांचा गुडघा दुखतो, पण त्यांना दुखत नाही. "गुडघा दुखतोय, असं कळतंय," एवढंच ते सांगतात, आणि तेही शेजारच्या गल्लीत मांडव पडल्याची बातमी द्यावी तशा आवाजात. भूक लागली की "भूक लागलीय, असं कळतंय." एकदा रिक्षाचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. रिक्षावाला घाबरून खाली उतरला, माणसं जमली, आणि काका कट्ट्यावर बसून शांतपणे म्हणाले, "अंगठा मोडला, असं कळतंय." रिक्षावाल्याला वाटलं, अंगठा दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. तो निघून गेला. मग मीच त्यांना स्कूटरवर घालून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. कुठे दुखतंय असं डॉक्टरने विचारलं, तर काका म्हणाले, "दुखणं अंगठ्यात आहे. जाणणारा कुठे आहे ते हवं असेल तर जरा बसून बोलावं लागेल." बाहेर अकरा पेशंट ताटकळत होते.

रूबेन मांडवेकर माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. मी पनवेलच्या एका शाळेत गणित शिकवतो. ते नगररचनेच्या कचेरीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. खारघर नुसता चिखल होता तेव्हा त्याच्या नकाशावरची पहिली रेघ या हाताने मारली, असं ते उजवा हात पुढे करून सांगतात. जातीने बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. आणि हे रूबेनकाका ज्ञानमार्गातले पनवेलचे सगळ्यात मोठे जाणकार. हे वाक्य मी बाहेरगावच्या पाहुण्यांना मुद्दाम ऐकवतो आणि त्यांच्या भुवया वर जाईपर्यंत थांबतो. कोणाच्या गावात किल्ला असतो, कोणाच्या गावात पेढा. आमच्याकडे हे आहेत.

त्याचं झालं असं की वाचनालयाच्या माडीवर एक शास्त्रीबुवा दर गुरुवारी संध्याकाळी वेदान्ताचा वर्ग घेत. काका तिथे प्रथम गेले ते भांडायला. माडीच्या खिडकीतून शास्त्रीबुवांचा आवाज खाली रस्त्यावर यायचा आणि त्यात 'ब्रह्म एकच आहे, दुसरं काही नाही' असं ऐकू आलं. काका जिना चढून गेले आणि म्हणाले, हे तर आमचं वाक्य आहे. शास्त्रीबुवा म्हणाले, मग बसा. काका बसले ते पुढची पंधरा वर्षं बसले. संस्कृत शिकले, वह्या भरल्या. बुवा थकले तेव्हा त्यांनी आपली पोथी सगळ्यांसमोर काकांच्या हातात दिली आणि गुरुवारचा वर्ग काकांकडे आला.

त्यावर कुरबुर झाली नाही असं नाही. नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी भर वर्गात विचारलं की तुम्हाला हे शिकवायचा अधिकार काय. आम्ही सगळे अवघडलो. काकांनी चष्मा पुसला. "शास्त्रात चार गोष्टी सांगितल्यात. विवेक, वैराग्य, मन आवरणं आणि मोक्षाची तळमळ. त्यात जन्माचा दाखला कुठे लिहिला असेल तर दाखवा, वर्ग आत्ता बंद करतो." ते गृहस्थ पुढे सहा वर्षं पहिल्या रांगेत बसले. मला मात्र काका खासगीत म्हणाले, "अरे, इकडे अद्वैत, तिकडे एकच देव. तू गणिताचा मास्तर ना? उत्तर दोन्हीकडे सारखंच येतं."

ज्ञानमार्ग ते ड्राफ्ट्समनसारखा शिकवत. भक्तीच्या वाटेने जाणारा चित्र रंगवतो, म्हणायचे, आणि ज्ञानाच्या वाटेने जाणारा खोडरबर घेऊन बसतो. मी म्हणजे हे शरीर का? नेति, हे नव्हे. खोडा. मग मन का? खोडा. नाव, हुद्दा, घरचा पत्ता, सगळं खोडा. खोडून खोडून कागद पांढरा झाला की खोडणारा उरतो, तोच तू. हे ऐकायला सोपं वाटतं. पण काकांनी ते स्वतःला इतकं लावून घेतलं की 'मी' आणि 'मला' हे शब्दच त्यांच्या बोलण्यातून गेले. सगळं नुसतं कळायला लागलं.

नेति नेतिचा अर्थ त्यांच्याहूनही चांगला एकाच व्यक्तीने सांगितला, असं ते कबूल करतात. ती बाजारातली हिराबाई, उरणकडची कोळीण. काकांच्या धर्मात ज्या माशाला खवले आणि पर नाहीत तो मासा चालत नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात होतो. हिराबाई बाजूच्या बाईला सांगत होती, "या काकाला कोलंबी नाय, कुर्ली नाय, माकुल नाय. नाय नाय करीत शेवटाला पापलेटवर येतो. मंग जो उरला तो त्याचा." काका तिथेच टाळी देणार होते, पण तिच्या हातात कोयता होता. पुढच्या गुरुवारी त्यांनी हे वर्गात सांगितलं, आणि वर्गातले निम्मे शाकाहारी श्रोते नेति नेति समजण्यासाठी पापलेट वहीत उतरवून घेत होते.

माझं त्या वर्गातलं स्थान निराळं होतं. शास्त्रात शिष्यांचे तीन प्रकार आहेत, उत्तम अधिकारी, मध्यम अधिकारी आणि मंद अधिकारी. मी मंद. दिवसभर पोरांना अपूर्णांक शिकवून संध्याकाळी माडीवरच्या पंख्याखाली बसलं की माझे डोळे मिटत. श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या आहेत, आधी ऐका, मग विचार करा, मग त्यातच बुडून जा. मी डुलायला लागलो की काका म्हणत, "त्याला हलवू नका. तो पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर गेलाय."

तरी एक गोष्ट मला पाठ झाली, कारण ती ते दर दोन-तीन महिन्यांनी सांगत. जुनीच गोष्ट आहे, काकांनी ती पनवेलला आणली होती. दहा जण पावसाळ्यात गाढी नदी ओलांडतात. पलीकडे गेल्यावर, सगळे आले ना, म्हणून एक जण मोजतो. नऊच भरतात. दुसरा मोजतो. नऊच. तिसरा मोजतो, तरी नऊ. दहावा बुडाला म्हणून सगळे काठावर बसून रडायला लागतात. तेवढ्यात एक वाटसरू येतो. तो बघतो तर दहा जण रडतायत. तो मोजणाऱ्याच्या छातीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, अरे, दहावा तूच. प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजत होता. "ज्ञान म्हणजे एवढंच," काका म्हणायचे. "नवीन काही मिळत नाही. राहिलेला सापडतो." मी गणिताचा असल्यामुळे मला ही चूक फार बाळबोध वाटायची. सहलीला चाळीस पोरं नेणारा माणूस असलं चुकत नाही.

सिपोराकाकू या सगळ्याला पुरून उरल्या होत्या. काका जेवताना म्हणत, "भाजीत मीठ नाही, असं कळतंय." काकू ताट वाढता वाढता म्हणत, "मग मिठाची बरणी कुठे आहे तेही कळेल." माळ्यावरचं पातेलं काढायचं असलं की काकू जिन्यात उभ्या राहून मला हाक मारत. "जरा वर ये रे. यांना पातेलं आहे हे कळतंय, पण काढता येत नाही." काका हसत. काकू गेल्या तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका दारात उभे राहून सांगत होते, देह गेला. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. वर्गातल्या लोकांना धन्य वाटलं, याला म्हणतात ज्ञानी. मला खरं सांगायचं तर राग आला. सिपोराकाकूंसाठी कोणीतरी घळाघळा रडायला हवं होतं, म्हणून खाली येऊन मी रडलो.

पण काकांच्या एका गोष्टीचा मला उलगडा होत नव्हता. ज्यूंमध्ये गेलेल्या माणसासाठी कद्दिश म्हणतात. ती प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही, किमान दहा पुरुष हजर लागतात, तेही त्यांच्याच धर्माचे. पनवेलमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही घरं राहिली नाहीत. एकामागून एक सगळे इस्राएलला गेले. काकांचा मुलगा नॅथनसुद्धा तिकडेच असतो. दर शुक्रवारी तो फोन करतो, पप्पा, इकडे या, इकडे रस्त्यात उभं राहून हाक मारली तरी दहा जण मिळतात. काका उत्तर देतात, "विचार चालू आहे, असं कळतंय." नॅथनने कागदपत्रंही पाठवली होती. ती टेबलावर पेपरवेटखाली पडून होती.

आणि हाच माणूस, ज्याच्या मते मुळात कोणी मेलेलंच नसतं, काकूंच्या वर्षदिनाच्या दोन महिने आधीपासून माणसं जमवायला लागायचा. त्यासाठी त्यांनी ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा दारामागे चिकटवला होता. त्यावर पट्टीने आखलेले चौकोन आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलने एक नाव, खाली फोन नंबर. पहिल्या वर्षी बारा चौकोन होते. कोणी देश सोडला, कोणी अंथरुणाला खिळला की काका तो चौकोन खोडायचे. मी एकदा चिडवलं, काका, हे शरीर म्हणजे मी नव्हे असं तुम्ही शिकवता, मग ही दहा शरीरं कशाला गोळा करता? ते खोडरबराचे कण फुंकत म्हणाले, "तिला कबूल केलं होतं."

चौथ्या वर्षी कागदावर नऊ चौकोन उरले. नऊ आणि काका स्वतः, म्हणजे काटेकोर दहा. एकाला सर्दी झाली तरी सगळं फिसकटणार. काकांनी दोन आठवड्यांत त्या नऊ जणांना इतके फोन केले की ठाण्याच्या एका म्हाताऱ्याने फोन उचलून हॅलोऐवजी "येतोय, येतोय" म्हणायला सुरुवात केली.

तिथीजवळच्या रविवारी सकाळी मी काकांना स्कूटरवरून त्यांच्या प्रार्थनालयात नेलं. डोक्यावर रुमाल बांधून मागच्या बाकावर बसलो. एकेक जण येत होता. ठाण्याचे आजोबा काठी टेकत आले, अलिबागचे दोघे भाऊ पहिल्या एसटीने आले, खारघरचा डॅनियल मोटारसायकलवरून आला. सगळे कोकणातल्या गावांची नावं लावणारे, सगळे माझ्याच मराठीत एकमेकांच्या साखरेची चौकशी करणारे. काका पुढे उभे राहिले. त्यांच्यात माणसांना एक, दोन, तीन असं मोजत नाहीत, ते बरं नसतं. दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे. एका माणसाला एक शब्द असं म्हणत जायचं, वचन पुरं झालं की माणसं पुरी. काकांनी एकेका तोंडाकडे बघत वचन म्हटलं. एक शब्द उरला.

पुन्हा म्हटलं. पुन्हा एक शब्द उरला.

काकांचा चेहरा उतरला. डॅनियलने त्यांच्या हातातली यादी घेऊन नावं वाचली, तर यादीतले सगळे हजर. मग सगळ्यांना वाटलं, कोणाला तरी फोनच करायचा राहून गेला. काका बघून येतो म्हणत फाटकापाशी गेले. इकडे आत ठाण्याच्या आजोबांनी खात्रीसाठी वचन म्हणून पाहिलं. काका बाहेर असल्यामुळे त्यांचाही एक शब्द उरला. मग सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढले आणि ज्याला त्याला फोन सुरू झाले.

डॅनियल माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, सरांना एक टोपी घालू या ना, सर घरचेच आहेत, कोण बघतंय? काका तेवढ्यात दारात आले होते. ते म्हणाले, "बघणारा असतो. वीस वर्षं दर गुरुवारी दुसरं काय सांगितलं?" काका परत फाटकाकडे गेले आणि पायरीवर बसले.

मी मागच्या बाकावरून सगळ्यांना मनातल्या मनात मोजून झालो होतो, दोनदा, सहलीला मोजतो तसा. काका आत असताना दहा. पण मी पडलो परका. दुसऱ्याच्या देवघरात उठून, तुमचं मोजणं चुकलं असं सांगायचं, आणि तेही रूबेनकाकांना? मंद अधिकाऱ्याने? थोडा वेळ मी रुमालाची गाठ चाचपत बसलो. मग उठून फाटकाशी गेलो.

काका रस्त्याकडे बघत होते. "चार वर्षांत पहिल्यांदा चुकलं," ते म्हणाले. "कोणाला फोन करायचा राहिला, तेच आठवत नाही. म्हातारपण आलं, असं कळतंय." ते पुटपुटत एकेक नाव पुन्हा आठवून पाहत होते.

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. मी विचारलं, "काका, ते दहा जण गाढी ओलांडून गेले, त्यांचं पुढे काय झालं?"

हे विचारायची वेळ आहे का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण शिक्षकाला कोणी प्रश्न विचारला की उत्तर आपोआप तोंडात येतं, हे मला स्वतःवरून माहीत आहे. "वाटसरू भेटला," ते म्हणाले.

"मग वाटसरू काय म्हणाला?"

"वाटसरू म्हणाला, अरे, दहावा..." आणि ते थांबले.

मी त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. खरं म्हणजे वयाने वडील माणसाशी असं वागू नये, पण गोष्टीत तसंच आहे.

आधी काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत, आणि ते हसतही होते. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, आत गेले आणि पुढे उभे राहून पुन्हा ते दहा शब्द म्हटले. शेवटच्या शब्दाला त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावला. आतमध्ये नऊ जण एकदम "अरेच्चा" म्हणाले. ठाण्याचे आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसणं थांबल्यावर काकांनी कद्दिश म्हटली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. काकांनीच मागे सांगितलं होतं की त्या प्रार्थनेत मरणाचं नाव नाही, नुसती देवाची थोरवी आहे. नऊ जण एका आवाजात आमेन म्हणत होते आणि काकांचा आवाज मधेच फाटत होता. मागच्या बाकावर मी ताठ बसलो होतो. हे माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, असं मला तिथे कोणाला तरी सांगायचं होतं, पण ते सगळ्यांना माहीतच होतं.

चहा झाला, भिजवलेले गोड पोहे आणि खोबरं झालं, माणसं आपापल्या गावाला निघाली. जाताना ठाण्याचे आजोबा काकांना म्हणाले, रूबेन, पुढच्या वर्षी स्वतःलाही एक फोन कर. काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढच्या वर्षाचं माहीत नाही. पण हा आजपासून उत्तम अधिकारी." मी मान खाली घातली. शाळेत मला आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली होती तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना वरपर्यंत सोडायला गेलो. काकांनी चपला काढल्या आणि न बसता दारामागच्या त्या कागदापुढे जाऊन उभे राहिले. नऊ चौकोन, नऊ नावं, सगळी पेन्सिलने लिहिलेली. मग टेबलाचा खण उघडून त्यांनी कचेरीतलं जुनं शाईचं पेन काढलं, झटकून पाहिलं आणि पट्टी धरून नवव्या चौकोनाशेजारी दहावा चौकोन आखायला लागले. चौकोनात त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबराने जात नाही, ब्लेडने खरवडावी लागते, हे त्यांनीच मला केव्हातरी सांगितलं होतं. टेबलावर पेपरवेटखाली नॅथनची कागदपत्रं होती तशीच होती.

माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "मला सिपोराची फार आठवण येते."

मी पुढच्या दोन शब्दांची वाट पाहत उभा राहिलो. काकांनी पेनाचं टोपण लावलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि शाई वाळेपर्यंत कागद हाताने धरून ठेवला. ते दोन शब्द काही आले नाहीत.